फटकाऱ्याचे खिळे

मंडळी, 'मिस्ट्रल' हे नाव कदाचित तुम्ही ऐकलं नसेल, पण ते अक्षर तुम्ही पाहिलंय, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. मंडळाच्या कार्यक्रमाचं पत्रक करायला बसायचं, वर्डमध्ये 'दिवाळी धमाका' किंवा 'संगीत संध्या' रोमन लिपीत टाइप करायचं आणि फॉन्टची यादी खाली सरकवत जायची. टाइम्स नको, एरियल तर ऑफिसात रोजच असतो. मग मध्येच एक तिरकं, घाईत लिहिल्यासारखं, कडा जराशा खरबरीत असलेलं जोडाक्षरी वळण दिसतं आणि वाटतं, हां, हे बरंय, यात जरा मजा आहे! तेच मिस्ट्रल. मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर ते घरोघरी पोचलं आणि ब्यूटी पार्लरपासून पिझ्झाच्या दुकानापर्यंत सगळीकडे जाऊन बसलं. २०११ च्या 'ड्राइव्ह' या हॉलिवूडच्या सिनेमाची गुलाबी श्रेयनामावलीसुद्धा त्याच अक्षरात आहे.

आता गंमत बघा. ब्रशचा फटकारा ही एकदाच घडणारी गोष्ट आहे. हात किती वेगात फिरला, ब्रशात रंग किती उरला होता, कागद किती शोषणारा होता, हे सगळं त्या एका फटकाऱ्यात उमटतं. तोच माणूस तेच अक्षर पुन्हा लिहील तर ते वेगळं येईल. छपाईच्या अक्षराचा धर्म याच्या बरोबर उलटा. एकदा खिळा ओतला की लाख वेळा तेच अक्षर तसंच्या तसं उमटलं पाहिजे. मग ब्रशच्या अक्षराचा खिळा करायचा म्हणजे काय करायचं? मी पेशाने संगणकवाला. दिवसभर एकच काम पुन्हा पुन्हा बिनचूक करून घेण्याचा माझा धंदा. त्यामुळे या उलट्या प्रश्नाने मला कायमच ओढून घेतलंय. यंत्राकडून बिनचूकपणे 'हात' कसा काढून घ्यायचा? गेली ऐंशी वर्षं माणसं याच्या मागे लागली आहेत. त्यांची ही गोष्ट.

मुळात ब्रश हा छपाईपेक्षा कितीतरी जुना. रोममध्ये इसवी सन ११३ च्या ट्राजनच्या स्तंभाखाली कोरलेली अक्षरं ही रोमन लिपीतली आदर्श अक्षरं मानली जातात. छिन्नीने कोरलेली, म्हणून त्यांचं रूप छिन्नीनेच घडवलं असणार, असं बरेच दिवस धरलं जात होतं. एडवर्ड कॅटिच नावाच्या अमेरिकन पाद्रीबुवांनी १९६८ साली पुस्तक लिहून वेगळं मांडलं. त्यांचं म्हणणं असं की ही अक्षरं आधी चपट्या ब्रशने दगडावर रंगवली गेली आणि मग कोरणाऱ्याने त्या रंगाच्या कडेकडेने छिन्नी चालवली. हे त्यांना दिसलं याचं कारणही सांगण्यासारखं आहे. कॅटिच तरुणपणी पाट्या रंगवायचे! ब्रश मनगटात कसा वळतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

चीनमध्ये तर कोरड्या ब्रशच्या खरबरीत फटकाऱ्याला स्वतंत्र नावच आहे, 'फेइबाय', म्हणजे 'उडतं पांढरं'. शाई संपत आलेला ब्रश वेगाने ओढला की केस फाकतात आणि काळ्या रेघेतून कागदाचा पांढरा रंग धावताना दिसतो. आपण ज्याला 'ब्रश सुकला वाटतं' म्हणून पुन्हा डब्यात बुडवू, त्याला तिकडे सौंदर्य मानलं गेलं.

शिशाच्या छपाईत मात्र हे आणायचं म्हणजे कठीण काम. खिळा म्हणजे शिसं, कथील आणि अँटिमनीच्या मिश्रणाचा साधारण २३ मिलिमीटर उंचीचा चौकोनी ठोकळा आणि त्याच्या माथ्यावर उलटं अक्षर. ठोकळा चौकोनी आणि सरळ उभा, त्यामुळे दोन अक्षरांमध्ये भिंत ही आलीच. हाताने लिहिताना आपण ती भिंत जुमानत नाही, एका अक्षराचं शेपूट दुसऱ्याच्या पोटात जातं. खिळ्याचं शेपूट ठोकळ्याबाहेर काढलं तर ते छपाईच्या दाबाखाली तुटतं, आणि आत ठेवलं तर जोड तुटका दिसतो. अमेरिकेत अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीने १९४२ साली रॉबर्ट स्मिथ यांनी रेखाटलेलं 'ब्रश स्क्रिप्ट' बाजारात आणलं. त्यात अक्षरं जोडलेली होती आणि जाहिरातवाल्यांनी ते उचलून धरलं. पण त्याचा ब्रश शहाण्या मुलासारखा आहे. कडा गुळगुळीत, प्रत्येक अक्षर एकाच रेषेवर शिस्तीत उभं.

ही शिस्त मोडली ती फ्रान्समध्ये, मार्सेय या बंदराच्या गावी. रॉजर एक्स्कोफाँ हा १९१० साली मार्सेयमध्येच जन्मलेला माणूस. कायदा शिकायला घातलं तर पठ्ठ्या चित्रकार व्हायला पॅरिसला गेला. त्याच्या बहिणीचं लग्न मार्सेयच्या 'ओलिव्ह' या खिळे ओतणाऱ्या कारखान्याच्या मालकाशी झालेलं, त्यामुळे मेहुण्याच्या कारखान्यासाठी तो अक्षरं करू लागला. पॅरिसमध्ये 'डबर्नी ए पेन्यो' हा मोठा, प्रतिष्ठित कारखाना होता. ओलिव्ह त्याच्यापुढे लहान. लहानाने मोठ्याशी टक्कर द्यायची तर मोठा जे करत नाही ते करावं लागतं. पुस्तकांची गंभीर अक्षरं पॅरिसवाले करत होते. एक्स्कोफाँने दुकानं, पोस्टर आणि जाहिराती धरल्या. १९५१ साली 'बांको' आलं, पत्र्याच्या पट्ट्या कापून वाकवल्यासारखं. १९५३ साली आलं मिस्ट्रल. नाव ठेवलं दक्षिण फ्रान्समध्ये उत्तरेकडून सुटणाऱ्या बोचऱ्या, थंड वाऱ्याचं.

मिस्ट्रलचा पाया त्याचं स्वतःचं हस्ताक्षर. पण कागदावरचं अक्षर उचलून खिळ्यावर ठेवलं, इतकं सोपं ते नव्हतं. हिशोब करून बघू. रोमन लिपीत लहान अक्षरं २६. कोणतंही अक्षर कोणत्याही अक्षराशेजारी येऊ शकतं, म्हणजे २६ गुणिले २६, एकूण ६७६ जोड्या. प्रत्येक जोडीत आधीच्या अक्षराची बाहेर पडणारी रेघ पुढच्याच्या आत शिरणाऱ्या रेघेला नेमकी भिडली पाहिजे. आमच्या भाषेत सांगायचं तर हा 'इंटरफेस' ठरवण्याचा प्रश्न. आत तुम्ही काहीही करा, पण दारं सगळ्यांची एकाच उंचीवर हवीत. एक्स्कोफाँने दारं एका पातळीवर ठेवली आणि आत मात्र धुमाकूळ घातला. काही अक्षरं खाली झुकतात, काही वर उडी मारतात, रेघ कुठे जाड तर कुठे बारीक, आणि कडा ब्रश सुकत आल्यासारख्या खडबडीत. जोड कुठेही तुटत नाही, आणि नजर वर-खाली होत राहिल्यामुळे तो जोड शोधायला कोणी थांबतही नाही. आपण जादूगाराच्या दुसऱ्या हाताकडे बघत असतो ना, तसंच काहीसं. शिशात केलेलं हे काम आहे, हे लक्षात घेतलं की थक्क व्हायला होतं.

दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, त्याने 'शोक' आणलं. जाडजूड ब्रशचे ठोसे मारल्यासारखं अक्षर. फ्रान्समध्ये आजही गावोगावच्या बेकऱ्या, गॅरेज, केशकर्तनालयं यांच्या पाट्यांवर एक्स्कोफाँची ही अक्षरं सापडतात. पुढे एअर फ्रान्सच्या जाहिराती त्याने केल्या, १९६८ च्या ग्रनोब्ल हिवाळी ऑलिंपिकचं बोधचिन्हही त्याचंच. १९८३ साली तो वारला.

पण काळाने ओलिव्हला सवड दिली नाही. मिस्ट्रल ओतलं जात होतं त्याच सुमाराला रने हिगोने आणि लुई मोयरू या दोन फ्रेंच अभियंत्यांचं फोटोटाइपसेटिंगचं यंत्र बाजारात उतरत होतं. शिशाऐवजी प्रकाश, खिळ्याऐवजी फिल्म. भिंत असलेला ठोकळाच नाहीसा झाल्यावर, भिंत ओलांडायची एक्स्कोफाँची करामत ही करामत राहिली नाही. १९७८ साली ओलिव्ह कारखाना स्वित्झर्लंडच्या हास कंपनीकडे गेला. अमेरिकन टाइप फाउंडर्सचंही १९९३ साली दिवाळं वाजलं. अक्षरं मात्र मालकांपेक्षा चिवट निघाली. ती फिल्मवर गेली, घासून उमटवायच्या लेट्रासेटच्या कागदांवर गेली आणि शेवटी आमच्या प्रांतात, संगणकात आली.

इथे पुन्हा फ्रान्सच मदतीला आला. संगणकातलं अक्षर म्हणजे वक्ररेषांची गणितं, आणि ती वळणं ओळखली जातात पियेर बेझिए यांच्या नावाने. हे रेनो कंपनीतले अभियंता, मोटारींच्या पत्र्यांचे आकार गणितात मांडत होते. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो यांनी हेच गणित स्वतंत्रपणे शोधलं होतं. म्हणजे आपण पडद्यावर जे 'अ' किंवा 'क' बघतो, त्याच्या वळणाचं मूळ मोटारीच्या बॉनेटमध्ये आहे! १९८४ साली अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आली. तिच्यात अक्षर म्हणजे थोडे बिंदू आणि त्यांना जोडणारी वळणं. गुळगुळीत 'ओ' काढायला मोजके बिंदू पुरतात. पण ब्रशची फाटकी कड दाखवायची तर प्रत्येक दात्याला बिंदू हवेत, आणि एकेका अक्षराला शेकडो बिंदू लागतात. सुरुवातीच्या पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरची मर्यादा एका आकृतीत सुमारे १५०० बिंदूंची. त्यापुढे गेलात की प्रिंटर हात वर करायचा आणि पान अर्धवट सोडून द्यायचा. त्यामुळे खरबरीत अक्षर करणाऱ्याला खरबरीतपणासुद्धा काटकसरीने वापरावा लागे.

बिंदूंचा प्रश्न मेमरी वाढली तसा सुटला. खरा प्रश्न वेगळाच होता. समजा तुम्ही ब्रशच्या अक्षरात 'कॉफी' हा शब्द रोमन लिपीत लिहिलात. त्यात 'एफ' दोनदा आणि 'ई' दोनदा येतो. दोन्ही 'ई'च्या त्याच जागी तोच ओरखडा, त्याच जागी तोच शिंतोडा! एका क्षणात भांडं फुटतं. गुळगुळीत अक्षराला हा त्रास नाही. जितका खरबरीतपणा जास्त, तितकी पुनरावृत्ती उघडी पडते.

यावर सगळ्यात खट्याळ उपाय काढला दोन डच तरुणांनी, एरिक फान ब्लॉकलँड आणि युस्ट फान रोसुम यांनी. (युस्ट हे पायथन भाषेचे जनक खिडो फान रोसुम यांचे धाकटे भाऊ, हे इथल्या निम्म्या वाचकांसाठी!) १९८९ साली त्यांनी 'बेओवुल्फ' नावाचा फॉन्ट केला. पोस्टस्क्रिप्टमध्ये रेघ काढण्याची आज्ञा असते, 'लाइनटू', म्हणजे अमुक बिंदूपर्यंत रेघ ने. त्यांनी त्या जागी स्वतःची आज्ञा घातली, 'फ्रीकटू'. अमुक बिंदूच्या जरा इकडेतिकडे, कुठेही ने! आकडा दर वेळी यदृच्छेने निवडला जायचा. त्यामुळे छापलेल्या पानावरचा प्रत्येक 'ए' वेगळा, कडा दर वेळी नव्याने फाटलेल्या. आम्ही ज्याला 'बग' म्हणतो तो त्यांनी मुद्दाम पेरला. पुढे ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रिंटर बदलत गेले आणि ही पळवाट बुजली. १९९६ साली मायक्रोसॉफ्ट आणि अडोबीने जाहीर केलेल्या ओपनटाइपमध्ये जरा सभ्य उपाय आला. एकाच अक्षराची तीन-चार रूपं फॉन्टमध्ये ठेवायची आणि शेजारी कोण आलंय ते बघून सॉफ्टवेअरने आळीपाळीने वापरायची. आजचे बरेचसे चांगले ब्रश फॉन्ट याच रीतीने चालतात.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं रोमन लिपीचं झालं, आपलं काय? तर आपली गोष्ट जुनीही आहे आणि अर्धवटही आहे. जोडून, हात न उचलता लिहायची मराठीची लिपी म्हणजे मोडी. मोडीत आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घेत आणि अक्षरं त्यांना लटकवत जात. विल्यम कॅरी यांनी सेरामपूरला १८१० साली मराठीचा कोश छापला तो मोडीच्या खिळ्यांनी. धावतं हस्ताक्षर शिशात बसवण्याचा हा खटाटोप मराठीसाठी मिस्ट्रलच्या १४० वर्षं आधी झाला होता! पण छापखान्यात बाजी मारली देवनागरीने. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे इतके देखणे खिळे पाडले की छापील मराठी म्हणजे ते गोल, भारदस्त, बोरूच्या वळणाचं अक्षर, हे समीकरण ठरून गेलं. मोडी हळूहळू शाळांतून गेली. युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली ती २०१४ साली.

मग मराठीचा ब्रश कुठे होता? तो रस्त्यावर होता. दुकानांच्या पाट्या, एसटी स्टँडच्या भिंती, ट्रकचे पार्श्वभाग, तमाशाचे फलक, निवडणुकीच्या घोषणा. दोरीला खडूची पूड चोळून भिंतीवर रेघ मारायची आणि ऑइलपेंटमध्ये बुडवलेल्या चपट्या ब्रशने मोजमाप न करता शब्द बरोबर जागेत बसवायचा. आणि तो होता नाटकांच्या जाहिरातींत. कमल शेडगे यांनी नाटकांची आणि सिनेमांची नावं अशी लिहिली की नाटकाचा स्वभाव अक्षरावरून कळावा. २०२० साली ते गेले, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा जाणवलं की पेपरात आपण वर्षानुवर्षं जे बघत होतो ते कोणीतरी हाताने काढलेलं होतं. अच्युत पालव यांनी तर मोडीचं वळण आणि देवनागरी एकत्र करून रुंद ब्रशने कॅनव्हास भरले, त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

संगणकावर मात्र आपण उशिरा आणि घाईत पोचलो. शिवाजी फॉन्ट, श्रीलिपी, किरण हे सगळे तुम्हाला आठवत असतील. मेल पाठवायची मराठीत आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की त्याला दिसायचं काहीतरी जर्मन-कम-चिनी! युनिकोडमुळे तो ताप गेला. विंडोज २००० बरोबर 'मंगल' आला, तो रेखाटला होता र. कृ. जोशी यांनी. जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक, मग आयआयटी मुंबईत प्राध्यापक, आणि स्वतः मुक्तहस्ताने अक्षरं उधळणारा कलावंत. मंगल हे त्यांनी पडद्यावर नीट वाचता यावं म्हणून केलेलं कामसू अक्षर. त्याने आपलं काम चोख केलं. पण मग लग्नपत्रिका, श्रद्धांजली, गणपतीचा फलक आणि सोसायटीची नोटीस, सगळं त्याच एका आवाजात बोलू लागलं, तो दोष त्या अक्षराचा नव्हता.

देवनागरीत खरबरीत ब्रशचा फॉन्ट करणं अवघड का, हे मिस्ट्रलशेजारी ठेवलं की नीट कळतं. मिस्ट्रलची अक्षरं पायाशी जोडलेली, आपली डोक्याशी. ३४ व्यंजनं गुणिले बाराखडीची १२ रूपं धरली तरी ४०८ आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. त्यांच्या आपसातल्या जोड्या दीड लाखावर जातात. साध्या अक्षरात याची भीती नाही, कारण सगळ्यांची दारं शिरोरेषेच्या एकाच उंचीवर आहेत. एक्स्कोफाँला जे करायला घाम गाळावा लागला ते आपल्या लिपीने आधीच ठरवून ठेवलंय. पण रेघ खरबरीत झाली की घोळ सुरू होतो. हाताने लिहिताना आपण शब्द पुरा करतो आणि मग वरून एका दमात रेघ ओढतो. ती रेघ डावीकडे ओली, भरीव असते आणि उजवीकडे सुकत, फाटत जाते. ती अख्ख्या शब्दाची असते. फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा घेऊन येतं. तुकड्याला तुकडा भिडतो तिथे ओरखडे जुळत नाहीत, आणि तुकडे एकमेकांवर चढवले तर जोडाच्या जागी भरीव डाग पडतो. शिवाय ऱ्हस्व इकाराची कमान 'कि'वर वेगळ्या रुंदीची लागते आणि 'स्थि'वर वेगळ्या. उपाय आहेत. शब्दाच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची शिरोरेषा वेगवेगळी रेखाटायची, किंवा नाटकांच्या शीर्षकांत असते तशी ती अक्षरागणिक तुटकी ठेवायची. पण हे करायला दुप्पट-तिप्पट आकार काढावे लागतात.

तरी कामं होतायत. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा वन' हा देवनागरी फॉन्ट निघाला, तो गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. २०२४ साली अकाली गेलेल्या हनीफ कुरेशी यांनी दिल्लीत 'हँडपेंटेड टाइप' हा प्रकल्प चालवला. फ्लेक्सच्या बॅनरमुळे ज्यांचे ब्रश सुकले अशा पाटी रंगवणाऱ्यांकडून अक्षरं काढून घ्यायची, त्यांचे फॉन्ट करायचे आणि फॉन्टला त्या पेंटरचंच नाव द्यायचं. हे मला फार मोलाचं वाटतं. ओलिव्हचा कारखाना बुडाला तरी एक्स्कोफाँचा हात मिस्ट्रलमध्ये शाबूत राहिला, कारण वेळेत कोणीतरी तो खिळ्यात धरला. आपल्याकडे एका पिढीत हजारो हात भिंतींवर चुना फिरला तसे पुसले गेले.

आणि आपला, इथे राहणाऱ्यांचा, यात काय संबंध? इथे वाढणाऱ्या मुलांना देवनागरी किती वेळा दिसते, बघा मोजून. दुकानावर नाही, बसवर नाही, शाळेत नाही. वर्षातून चार-पाच वेळा, मंडळाच्या फलकावर. मराठी शाळेच्या पुस्तकात दिसते ती शुद्ध असते, पण तिला चिडलेलं, हसणारं, घाईत असलेलं कोणी पाहिलेलं नसतं. रोमन लिपी मात्र त्यांना शंभर आवाजांत भेटते. मग ती त्यांना जिवंत वाटली आणि आपली गृहपाठासारखी वाटली, तर त्यांना बोल कसा लावायचा?

फॉन्ट करायला वर्ष-दोन वर्षं लागतात, पण एक फलक लिहायला फॉन्ट लागत नाही. म्हणून एक सुचवतो. पुढच्या गणेशोत्सवाचं शीर्षक संगणकावर टाइप करायचं नाही. मराठी शाळेतल्या मुलांना आणि आपल्याकडे भारतातून आलेल्या आजी-आजोबांना एका शनिवारी बोलवू. दोन इंची चपटे ब्रश, काळा रंग, जाड कागद. प्रत्येकाने एकदाच 'गणेशोत्सव' लिहायचं, खोडायचं नाही, पुन्हा गिरवायचं नाही. सगळ्यात झकास ओरखडा ज्याचा, तो फोनने टिपून इंकस्केपमध्ये टाकायचा, त्याची रेषाकृती होते आणि दहा फुटी फलकावर जाते. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एका दमात. ब्रश मी आणतो.